फळ्यावरची उभी रेघ

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, सहली, छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. हे मनोगत प्रयोगशाळेच्या टेबलापुरतेच आहे.

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मधोमध एक उभी रेघ यायची. डावीकडे ‘भौतिक बदल’, उजवीकडे ‘रासायनिक बदल’. बर्फ वितळणे डावीकडे, लोखंड गंजणे उजवीकडे. रेघेबद्दल तक्रार नाही, तिच्याखालच्या एका ओळीबद्दल आहे: भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक येत नाही. ही ओळ परीक्षेत गुण मिळवून देते आणि टेबलाशी आल्यावर पहिल्याच प्रयोगात दगा देते.

तो प्रयोग मोरचुदाचा, म्हणजे स्फटिकी कॉपर सल्फेटचा. निळे खडे बारीक कुटून कठीण काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे आणि नळी स्टँडला आडवी, तोंड किंचित खाली झुकवून बांधायची. सुटलेली वाफ नळीच्या थंड तोंडाशी थेंब होऊन जमते. तोंड वर असेल तर तो थेंब घरंगळत तापलेल्या बुडाशी जातो आणि नळी तडकते. कपाटातल्या तडकलेल्या नळ्यांपैकी बऱ्याच अशाच गेल्या असाव्यात.

वजन करायचे असेल तर नळीऐवजी चिनी मातीची मूस घ्यावी. 5.0 ग्रॅम मोरचुदातून 1.8 ग्रॅम पाणी जाते आणि 3.2 ग्रॅम पांढरी पूड उरते. स्फटिकजलाच्या, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याच्या, पाच रेणूंपैकी चार तुलनेने लवकर सुटतात. पाचवा सल्फेटला हायड्रोजन बंधांनी धरलेला असतो, तो 200 अंश सेल्सिअसच्या आसपास निघतो. म्हणून पूड ‘जवळजवळ पांढरी’ दिसताच बर्नर बंद करणाऱ्याचे वजन हमखास जास्त भरते. घाईने प्रखर ज्योत बुडाखाली ठेवून देणाऱ्याची पूड आधी करडी, मग काळी पडते, नाकाला झोंबणारा वायू सुटतो आणि हाती उरते ते कॉपर ऑक्साइड. तापवावे, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारे द्रव्य ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करावे, वजन करावे, पुन्हा तापवावे. लागोपाठची दोन वजने जुळली की थांबावे. उघड्यावर थंड केली तर पूड हवेतले बाष्प ओढून घेते आणि वजन पुन्हा चढते.

आता थंड झालेल्या पुडीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की निळा रंग परत येतो आणि नळी हाताला गरम लागते. बदल उलटला! तरी तो रासायनिकच. तांब्याच्या आयनाला पाण्याचे चार रेणू थेट जोडलेले होते; ते गेले म्हणून निळा रंग गेला, परत जोडले गेले म्हणून तो परतला. याउलट फुटलेली काच कोणी पूर्ववत करून दाखवत नाही, आणि फुटणे मात्र निव्वळ भौतिक. उलटतो की नाही हे विचारूच नये. नवा पदार्थ झाला का, एवढेच विचारावे.

नवसागराची (अमोनिअम क्लोराइडची) गोष्ट आणखी गमतीची, कारण तिथे रेघच चुकीच्या बाजूला पडते. मीठ आणि नवसागर यांचे मिश्रण वेगळे करण्याचा प्रयोग सगळ्यांनी केलेला आहे. बाष्पनपात्रात मिश्रण, वर छिद्रे पाडलेला गाळणकागद, त्यावर पालथे नरसाळे आणि नरसाळ्याच्या नळीत कापसाचा सैल बोळा. खालून मंद आच. नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर बसतो आणि वहीत लिहिले जाते, ‘संप्लवन, भौतिक बदल’. संप्लवन म्हणजे घनाची द्रव न होता थेट वाफ होणे. आच मोठी ठेवली की नरसाळेच तापते, थर बसायला थंड जागा उरत नाही आणि पांढरा धूर बोळ्यातून बाहेर पडतो. नरसाळ्याभोवती ओला गाळणकागद गुंडाळला तर हे टळते. कागद ओला म्हणजे दमट. पाणी ओघळून पात्रावर पडता कामा नये.

पण वर जाते ते नेमके काय? साधी परीक्षानळी घ्या. बुडाशी साधारण 1 ग्रॅम नवसागर, मध्यावर ग्लास वूलचा (काचेच्या तंतूंचा) सैल बोळा. बोळ्याच्या खाली ओला निळा लिटमस, वर तोंडाशी ओला तांबडा लिटमस. बुडाला आच दिली की थोड्या वेळाने वरचा तांबडा कागद निळा होतो, आणि खालचा निळा कागद तांबडा. तांबड्याला निळा करतो तो अमोनिया, निळ्याला तांबडा करते ते आम्लधर्मी हायड्रोजन क्लोराइड. म्हणजे वर अमोनिया पोहोचला आणि खाली हायड्रोजन क्लोराइड रेंगाळला. अमोनियाचे रेणुवस्तुमान 17, हायड्रोजन क्लोराइडचे 36.5. हलका वायू बोळ्यातून जवळजवळ दीडपट वेगाने झिरपतो, त्यामुळे जोडी फुटल्याचे उघडे पडते. थांबून राहिलात तर मागाहून आम्लही वर पोहोचते आणि वरचा कागद पुन्हा तांबडा होतो, म्हणून पहिल्या रंगाकडे लक्ष ठेवावे. बोळा गच्च दाबला तर दोन्ही वायू अडतात आणि दाबाने बोळाच उडू शकतो. बोळा नसेल तर दोघे एकत्रच वर जातात आणि काहीच कळत नाही. नरसाळ्यावर बसणारा पांढरा थर हा थंड होताना पुन्हा संयोग पावलेला नवसागर असतो. तापताना अपघटन, थंड होताना संयोग! पाठ्यपुस्तकाने तो डाव्या बाजूला टाकला, कारण आधी आणि नंतर दिसायला तोच पदार्थ होता.

खऱ्या संप्लवनासाठी आयोडीन बरे. जांभळी वाफ तीच, थंड भागावर करडे-काळे चकचकीत स्फटिक तेच, मध्ये काही तुटत नाही. तेही सावकाश तापवले तरच. जोरात तापवले तर 114 अंशांच्या आसपास गडद द्रव स्वच्छ दिसतो, मग वहीतले ‘द्रव अवस्था न येता’ हे शब्द लिहिताना पेन अडखळायला हवे. नाफ्थॅलीनचा द्रवणांक 80 अंश; त्याची परीक्षानळी थेट ज्योतीवर न धरता गरम पाण्याच्या चंचुपात्रात ठेवावी, कारण वाफ पेट घेते. गोठलेल्या नाफ्थॅलीनमध्ये तापमापी अडकली तर ओढू नये. पुन्हा वितळवावे, मग काढावी.

लोह आणि गंधक हा मात्र रेघेच्या दोन्ही बाजू एकाच नळीत दाखवणारा प्रयोग. 7 ग्रॅम बारीक लोहकीस आणि 4 ग्रॅम गंधकाची पूड कागदावर नीट मिसळायची; लोखंडाचा अणुभार 56 आणि गंधकाचा 32 यांच्या गुणोत्तरातून हे प्रमाण येते. इथवर भौतिक. चुंबकाला कागद गुंडाळून मिश्रणावर फिरवला की लोहकीस वेगळा होतो. कागद न गुंडाळता फिरवला तर चुंबक साफ करत तास संपतो. यातले 2 ग्रॅम लहान नळीत घ्या, तोंडाशी ग्लास वूलचा बोळा ठेवा, म्हणजे गंधकाची वाफ बाहेर येऊन पेटणार नाही. एका टोकाला तापवा. लाल झळाळी दिसली की बर्नर लगेच काढून घ्या. झळाळी आपल्या आपण नळीभर सरकत जाते. बाहेरची आच थांबली आणि आतली उष्णता चालूच राहिली, ही खूण चुंबकापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

कारण चुंबक इथे फसवतो. लोहकीस जाड, तेलकट किंवा गंजका असेल तर काही कण आत तसेच राहतात आणि काळा गोळा चुंबकाला चिकटतो. मुले वहीत मात्र ‘चिकटत नाही’ असे लिहून मोकळी होतात. शिवाय लोह किंचित कमी पडलेले आयर्न सल्फाइड स्वतःच थोडेसे ओढले जाते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब अधिक बोलके: मिश्रणातून हायड्रोजन, काळ्या गोळ्यातून कुजक्या अंड्याचा वास. तो हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि वासाची जाणीवच बधिर करतो. थेंब दोन-तीनच, खिडकी उघडी, नाक नळीवर नको.

मॅग्नेशिअमबद्दल थोडक्यात. मुशीत 0.24 ग्रॅम फीत जाळली तर 0.40 ग्रॅम राख मिळायला हवी, मिळते कमी. झाकण फार उचलले की पांढरा धूर पळतो, अजिबात न उचलले की हवा पुरत नाही. शिवाय काही धातू नायट्रोजनशी जोडला जातो आणि त्या वाटेने वजन कमी वाढते. राख थंड झाल्यावर तिच्यावर पाण्याचे काही थेंब टाकले तर अमोनियाचा वास येतो. पुन्हा तापवले की आकडा सुधारतो.

आता फुगा. वस्तुमान बदलत नाही हे दाखवायला बाटलीच्या तोंडाला फुगा लावून आत सोडा आणि आम्ल एकत्र करतात. 1 ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून साधारण 290 मिलिलीटर कार्बन डायऑक्साइड येतो, फुगा फुगतो, आणि 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू सुमारे 0.35 ग्रॅम कमी दाखवतो. गळती शोधण्यात वेळ घालवू नये. फुगलेला फुगा तेवढी हवा बाजूला सारतो आणि हवा त्याला वर ढकलते. लिटरमागे हे 1.2 ग्रॅम पडते. न फुगणारे भांडे हवे. 1 लिटरची फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची सोडा बाटली घ्या, काचेची नको. 20 मिलिलीटर सौम्य आम्ल आणि आत उभी ठेवलेली छोटी नळी, तिच्यात 1 ग्रॅम सोडा. सोड्याऐवजी फळ्याचा खडू घेऊ नका, तो बहुधा जिप्समचा असतो आणि फसफसत नाही. झाकण घट्ट लावून वजन करा, बाटली तिरपी करा, फसफस थांबू द्या. तराजूवर तोच आकडा येतो. मग झाकण सैल करा, फस्स आवाज येऊ द्या आणि झाकणासकट बाटली पुन्हा तराजूवर ठेवा. आकडा उतरलेला दिसेल.