सहा नंबरची बस

वायमार, मंगळवार, रात्रीचे अकरा

इथे जर्मनीत आले ती कवी गटेसाठी. शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या, शाकुंतल वाचून गटे ते डोक्यावर घेऊन नाचला. (खरं-खोटं देव जाणे, पण चित्र मनात बसलं ते बसलं.) काल त्याचं घर पाहिलं. आज त्याच्याच नावाच्या चौकातून सहा नंबरची बस धरली. वीसेक मिनिटांत बुखेनवाल्ड, नाझींची छळछावणी. इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा चढ कैद्यांनी बांधलेल्या रस्त्याने. त्याला 'रक्ताचा रस्ता' म्हणतात.

छळछावणी जुलै १९३७ ची. आधी टेकडीवरून तिचं नाव एटर्सबर्ग ठेवलं होतं. पण या टेकडीवर गटे यायचा, म्हणून गावातल्या नाझी सांस्कृतिक मंडळाने हरकत घेतली. छावणीला नव्हे, नावाला! मग 'बुखेनवाल्ड' काढलं, म्हणजे 'बीच' नावाच्या झाडांचं रान. हे वाचून मी फलकासमोर चक्क हसले, आणि मग ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

लोखंडी फाटकावर अक्षरं आहेत, 'ज्याचं त्याला' अशा अर्थाची. बाहेरून उलटी दिसतात. आत हजेरीला उभ्या असलेल्यांनी वाचावीत म्हणून. ती रेखाटली फ्रान्झ एर्लिख या कैद्याने. तो बाउहाउस या कला-वास्तुकलेच्या शाळेचा विद्यार्थी, आणि बाउहाउस १९१९ मध्ये निघालं ते याच वायमारमध्ये.

इथे छप्पन्न हजार माणसं मेली. छावणीची स्वतःची दाहिनी १९४० मध्ये आली; तोवर प्रेतं शहराच्या स्मशानात जाळायला नेत. १६ एप्रिल १९४५ ला अमेरिकनांनी वायमारच्या हजारेक नागरिकांना हे सगळं बघायला वर आणलं. आम्हाला काही ठाऊक नव्हतं, म्हणत होते लोक. धूर त्यांच्याच गावात निघत होता की!

हजेरीच्या मैदानात एक धातूची पाटी आहे, बारा महिने ३७ अंशांवर ठेवलेली. हात टेकवला. अंगाइतकी कोमट. लगेच काढून घेतला.

परतताना माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट सापडली. बॉम्बहल्ल्यात खराब होऊ नये म्हणून गटेचा मित्र, कवी शिलर याच्या वायमारमधल्या घरातलं सामान हलवायचं ठरलं, तेव्हा १९४२ मध्ये त्याच्या टेबलाची हुबेहूब नक्कल छावणीतल्या कैद्यांकडून करून घेतली होती.

उद्या शिलरचं घर. तिकीट कालच काढून ठेवलंय.