तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रापुढे इतका वेळ उभे राहून मिळते काय?

स्वतः चित्रकार नसलेल्या माणसाने चित्रांवर इतका जीव का टाकावा, आणि एकाच चित्रापुढे तासभर उभे राहून त्याच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या सुरात कधी कुतूहल असते, कधी थोडी चेष्टा. पण प्रश्न रास्त आहे. ‘चित्र सुंदर असते म्हणून’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही, कारण दिसायला सुंदर असलेल्या पुष्कळ चित्रांपुढून मी न थांबता पुढे जातो. मी थांबतो ते चित्रकाराच्या हाताला काम करताना झालेला आनंद जिथे रंगात उतरलेला दिसतो तिथे. गाणे ऐकताना जाणकार श्रोता जशी एखादी जागा टिपतो, तसेच काहीसे हे पाहणे असते.

सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे ‘दूध ओतणारी स्त्री’ हे चित्र घ्या. सुमारे 1658 सालचे हे चित्र अर्ध्या मीटरपेक्षाही लहान आहे आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. बहुतेकांची नजर दुधाच्या धारेवर जाते, आणि ती जावी अशीच योजना आहे. माझी नजर मात्र मागच्या भिंतीवर खिळते. ती भिंत पांढरी म्हणावी तर पांढरी नाही. खिडकीपाशी ती करडी आहे, बाईच्या पाठीमागे उजळत गेली आहे, आणि तिच्यावर जुन्या खिळ्यांची भोके आहेत. एक खिळा तर अजून भिंतीतच आहे आणि त्याची लहानशी सावलीही रंगवलेली आहे. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी 2022 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत असे दिसले, की व्हर्मीरने या भिंतीवर आधी सुरया टांगण्याची फळी आणि खाली एक टोपलीही रेखाटली होती, आणि नंतर दोन्ही रंगाखाली झाकून टाकली. म्हणजे मोठ्या वस्तू त्याला नकोशा झाल्या, पण तो खिळा त्याने ठेवला. कोणत्याही गिऱ्हाइकाने तो मागितला नसणार. रिकाम्या भिंतीवर प्रकाश कसा सरकतो हे रंगवण्यात त्या माणसाला गोडी लागली होती, असे मला वाटते, आणि ती गोडी साडेतीनशे वर्षांनंतरही मला लागते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र मराठी वाचकाला दाखवून द्यायला नको, जरी ते राजा रविवर्म्याचे समजणारे लोक आजही भेटतात. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे, आणि तैलरंगातले वाटले तरी ते जलरंगातले आहे. ही बाब महत्त्वाची आहे, कारण तैलरंगात उजेड सर्वांत शेवटी वरून लावता येतो, तर पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मुळातला कागद. तो पहिल्यापासून राखावा लागतो आणि अंधार त्याच्या भोवती थरांवर थर देत गडद करावा लागतो. ज्योतीपुढे आडवा धरलेला तिचा हात जवळून पाहावा. उजेड बोटांच्या कडांतून आरपार येऊन तिथली कातडी तांबूस झाली आहे. तो तांबूसपणा किंचित वाढला असता तर हात भाजल्यासारखा दिसला असता, आणि किंचित कमी पडला असता तर ज्योत विझली असती. असे काम चुकीच्या भीतीने आखडलेल्या हाताकडून होत नाही.

इथे माझा एक जुना वाद सांगतो. कला दुःखातून जन्मते, हे वाक्य लोक फार सहज बोलतात आणि पुराव्यादाखल डच चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापल्याची गोष्ट पुढे करतात. त्याच्या यातना खऱ्याच होत्या. पण 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचे ठरवून पुढच्या दहा वर्षांत साडेआठशेच्या वर तैलचित्रे करणारा माणूस केवळ यातनांवर चालत नव्हता. आजाराचा जोर असताना त्याला बहुधा ब्रश धरताच येत नसे. सूर्यफुले रंगवत असताना त्याने भाऊ थिओला लिहिले होते, की मार्सेय या फ्रेंच बंदराचा माणूस माशांचे सूप ज्या चवीने खातो त्या चवीने आपण सध्या रंगवत आहोत. त्या फुलांच्या पाकळ्यांवरचा जाड, ओला असतानाच ओढलेला पिवळा रंग पाहिला, की मला हे वाक्य कानाच्या गोष्टीपेक्षा खरे वाटते.

फ्रेंच चित्रकार आंरी मातीसच्या बाबतीत तर हा वाद घालायची गरजच उरत नाही. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभे राहणे जमेना, तेव्हा साहाय्यकांकडून कागद रंगवून घेऊन तो कात्रीने थेट रंगातच आकार कापू लागला. तो सांगेल तसे ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावले जात, काढले जात, पुन्हा हलवले जात, आणि मनाजोगते बसेपर्यंत हे चालत असे.

‘पण ज्यात माणूस नाही, वस्तू नाही, त्या चित्रात काय पाहायचे?’ हा उपप्रश्न हमखास येतो. अमूर्त चित्रे काढणारे वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे मीही आधी अर्थच शोधत असे. ते ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, वापरत, थर चढवत आणि खरवडून खालचा रंग वर येऊ देत. वर्षाकाठी हातावेगळी होणारी चित्रे मोजकीच. आता मी आधी अगदी जवळ जातो, एका थराची कड कुठे संपते आणि खालचा रंग कुठून डोकावतो ते पाहतो, मग चार पावले मागे सरतो, आणि तोच पृष्ठभाग धुक्यासारखा खोल होऊ लागतो. छापील प्रतीत यातले जवळजवळ काहीच उतरत नाही. म्हणून कुणी मला त्यांचे चित्र पुस्तकात दाखवून ‘यात काय आहे?’ असे विचारले, तर मी मूळ चित्र जिथे असेल तिथे जायला सांगतो.