बर्फ पुढे, टोक मागे

स्मरणिका समितीचा निरोप आला, ‘शाळेबद्दल काहीही लिहा, फक्त वेळेत द्या.’ काहीही लिहायचं म्हटल्यावर मला बाईच आठवल्या. बाई म्हणजे भूगोलाच्या. आपल्या शाळेत नाव सांगायची गरज नाही. इतर गुरुजनांनी रागावू नये. माझं पोट गणिताच्या सरांच्या जिवावर चाललंय हे मी जाणतो, पण त्यांच्याविषयी बाकीचे लिहितीलच.

१९८२-८३ साल, नववी. धडा हिमनदीचा. वर्गात एकानेही हिम पाहिलेलं नव्हतं. बर्फ ठाऊक होता तो बंदरावरचा, सुरमई-बांगड्यावर फोडून टाकतात तो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर स्वित्झर्लंडच्या ऱ्होन हिमनदीची आकृती काढली. १८७४ मध्ये तिथल्या मोजणी करणाऱ्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत बर्फावर रंगवलेल्या दगडांची सरळ रांग मांडली होती. पुढच्या काही वर्षांत ती रांग खाली सरकली, मधले दगड जास्त, कडेचे कमी. बर्फ वाहतो याचा तो पुरावा. पण त्याच आकृतीत हिमनदीचं टोक १८७४ ला होतं त्याच्या मागे १८७८ ला, आणि १८८२ ला त्याच्याही मागे.

“बर्फ पुढे जातोय आणि टोक मागे येतंय. सांगा कसं?”

मागच्या बाकावरून आवाज आला, “आकृती चुकली, बाई.” (तो आज आपल्या संस्थेचा पदाधिकारी आहे, म्हणून नाव लिहीत नाही.) बाई हसल्या. म्हणाल्या, बर्फ माघारी फिरत नाही. वर पडलेलं हिम दाबलं जाऊन बर्फ होतं, उताराने खाली येतं आणि खाली वितळतं. वितळतं तेवढं वरून आलं नाही, की टोक मागे हटतं.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामा हातगाडीवर बर्फाची लादी घेऊन आले, भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली. पोत्याला बांगड्याचा वास, त्यामुळे हातगाडीमागे दोन मांजरं. बाईंनी लादी मैदानात उन्हात ठेवली. एका टोकाला वीतभर वाळूचा थर, मध्ये कोळशाची पूड नुसती भुरभुरवलेली, तिसरा भाग उघडा. तास संपेपर्यंत कोळशाखाली खळगा पडला आणि वाळूखालचा भाग उंटासारखा वर राहिला. पातळ काजळी ऊन शोषते आणि बर्फ लवकर संपवते; जाड थर उन्हाला आत येऊ देत नाही. गोमुखाजवळ गंगोत्री हिमनदीच्या पाठीवर दगडमातीचं जाड पांघरूण आहे, ते त्यासाठी लक्षात ठेवा, असं बाई म्हणाल्या. ते पांघरूण असूनही त्या हिमनदीचं टोक, १९३५ मध्ये नकाशावर नोंदलं गेलं तेव्हापासून, दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. लादीचे पैसे बाईंनी पदरचे दिले. मैदानात चिखल झाला म्हणून त्यांना ऑफिसात बोलावणं आलं, ते वेगळंच.

पुढे मी इंजिनिअर झालो, पुणं झालं, आणि गेली कित्येक वर्षं स्वित्झर्लंडमध्ये आहे. टर्बाइनच्या डिझाइन विभागाचा प्रमुख म्हणून काम केलं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीची जबाबदारीही बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि मोदक (पत्नीच्या कृपेने) हातवळणीचेच असतात. असो.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी फुर्काच्या घाटात गेलो, बाईंची ऱ्होन हिमनदी बघायला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिची जीभ खाली ग्लेच वस्तीजवळच्या सपाटीपर्यंत पोचत होती. घाटाच्या वळणावर १८८२ मध्ये बेल्व्हेडेर हॉटेल बांधलं गेलं, कारण बर्फ तिथून हाकेच्या अंतरावर होता. आज हॉटेल बंद आहे, हिमनदी सुमारे दीड किलोमीटर आटली आहे आणि तिच्या तोंडाशी तळं साचलंय. बर्फात कोरलेली गुहा टिकावी म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी कापडं पसरतात. बाईंची वाळू मला तिथे आठवली.

मी फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांचं पोस्टकार्ड आलं, शाबासकी नव्हतीच. ‘टोक दाखवलंस. कडा कुठे आहेत?’ पुढच्या वेळी कडा पाहिल्या. बर्फाच्या दोन्ही बाजूंना, किती तरी उंचावर, दगडगोट्यांची रेघ जाते. तिच्यावर झुडपं आणि गवत, खाली उघडा खडक. तो पार्श्व हिमोढ, म्हणजे हिमनदीने कडेला साठवलेला दगडमातीचा ढीग. बर्फ एके काळी तिथवर भरलेला होता. नुसत्या टोकाकडे पाहिलं तर लांबी कळते. किती बर्फ गेला हे कडांवरून कळतं. परीक्षेत पार्श्व हिमोढाची व्याख्या मी घोकून लिहिली होती, दोन गुण मिळाले होते.

याच वालिस प्रांतातल्या फीश आणि फीशरटालच्या गावकऱ्यांनी १६७८ मध्ये नवस केला होता, तो ‘आलेच’ नावाची हिमनदी वाढू नये म्हणून. त्या शतकांत थंडी वाढलेली, बर्फ कुरणांवर चालून यायचा, अडलेल्या तळ्याचं पाणी फुटून गावं बुडायची. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तसंच ते. २०१० मध्ये त्याच गावांनी पोपची परवानगी घेऊन प्रार्थना उलटी केली: हिमनदी आटू नये. १८५० नंतर ती माघारी निघाली त्याची सुरुवात निसर्गतः थंडी ओसरल्याने झाली. अलीकडची पळापळ मात्र माणसाच्या धुराची. गंमत अशी, की बाई शिकवत होत्या त्या वर्षांत आल्प्समधल्या कित्येक हिमनद्या थोड्या पुढेही सरकत होत्या. ती उसंत ठरली. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा दहावा हिस्सा गमावला. मे २०२५ मध्ये ब्लाटेन हे जवळजवळ अख्खं गाव बर्फ आणि दरडीखाली गेलं. लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून बहुतेक जण वाचले.

आणि हे पाणी कुठे जातं? आपल्याच दारात. २००० ते २०२३ मध्ये जगभरच्या हिमनद्या वितळून समुद्र सुमारे १८ मिलिमीटर चढला, असा हिशेब आहे. शाळेच्या मागच्या सुरूच्या बनात राहणाऱ्यांनी हा आकडा हसण्यावारी नेऊ नये.

मागच्या सुट्टीत शाळेत येऊन गेलो. भूगोलाच्या खोलीत आता डिजिटल फळा आहे. हिमनदीचा व्हिडिओ तीन मिनिटांत संपला, मुलांनी काहीच विचारलं नाही. शिक्षकांचा दोष नाही, पोर्शन संपवायचा असतो. तरी मला वाईट वाटलं.

ऱ्होन हिमनदीचे जुने आणि नवे फोटो एका चौकटीत बसवून पाठवतो आहे, सोबत बाईंची ती दगडांच्या रांगेची आकृती, माझ्या हाताने काढलेली. चौकट ऑफिसात किंवा सभागृहात लावू नये. भूगोलाच्या वर्गात, मुलांचा हात पोचेल इतक्या खाली लावावी. खिळ्यांचा आणि सुताराचा खर्च मी देईन.