कोल्लमच्या उतारावरची शेवंड: शक्तिकुलंगरा बंदराची फेरी

खोल पाण्यातली शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, बघायची असेल तर ससून डॉकवर कितीही पहाटे जाऊन उपयोग नाही. तिथल्या पाटीत येते ती उथळ पाण्यातली, खडकांच्या आणि चिखलाच्या आसपासची. दोनशे-तीनशे मीटरवर राहणारी शेवंड बघायला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि कोल्लमला उतरायचं. मी डिसेंबरात गेलो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी असाल तर जास्त कामाचं, पण नुसती उत्सुकता असली तरी चालेल.

कोल्लमच का, हे आधी समजून घ्या, म्हणजे बंदरावर काय बघायचं ते कळेल. शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन आणि खंडान्त उतार शिकलेला असतो. समुद्रबूड जमीन म्हणजे घराची लांब ओसरी. ती संपली की पायऱ्या सुरू होतात. पश्चिम किनाऱ्याची गंमत अशी की ही ओसरी सगळीकडे सारखी रुंद नाही. डहाणू-मुंबईसमोर ती तीनशे किलोमीटरांच्या वर जाते, गोव्यासमोर सव्वाशेच्या आसपास, आणि केरळात पोचेपर्यंत साठेक किलोमीटरवर येते. त्यामुळे मुंबईच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या नायकाला, उतारापर्यंत जायचं तर डिझेलमध्येच धंदा बुडेल. कोल्लमच्या बोटीला तीच खोली दाराशी आहे. शिवाय कोल्लमसमोर, साधारण ८ ते ९ उत्तर अक्षांशांदरम्यान, समुद्रतळाचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. कागदोपत्री त्याला क्विलॉन बँक म्हणतात, तिथले मच्छीमार कोल्लम परप्पू म्हणतात. खोल पाण्यातल्या कोळंबीचं आणि शेवंडीचं हे भारतातलं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण.

जी शेवंड इथे मुख्यतः मिळते ती प्युएरुलस सेवेली. १९३३-३४ साली माबाहिस या इजिप्शियन जहाजावरून अरबी समुद्राची पाहणी झाली, तिचे प्रमुख सेमूर सेवेल. प्राणिशास्त्रज्ञ रमदान यांनी १९३८ मध्ये या जातीचं वर्णन केलं आणि सेवेल यांचं नाव तिला दिलं. म्हणजे विज्ञानाला ती माहीत होती, पण कोल्लमसमोर ती जाळं लावण्याइतकी आहे हे कळायला आणखी वेळ गेला. त्यात मोठा वाटा नॉर्वेच्या मदतीने चाललेल्या मासेमारी प्रकल्पाचा. १९५२ मध्ये करार झाला आणि काम सुरू झालं ते नेमकं शक्तिकुलंगरा आणि नींडकरा या दोन गावांत. यांत्रिक बोटी, बर्फ, गोठवणं हे सगळं इथे त्या प्रकल्पाबरोबर रुजलं. पुढे वरुणासारख्या संशोधन बोटींनी उतारावर जाळी ओढून पाहिली तेव्हा ही शेवंड नकाशावर आली. तरी धंदा म्हणून खोल पाण्यातलं ट्रॉलिंग, म्हणजे बोटीमागे जाळं ओढून मासेमारी, इथे जोरात सुरू झालं ते १९९९ च्या अखेरीस. किनाऱ्याजवळ बोटींची गर्दी झाली, मग लोक पुढे सरकले.

आता बंदर. अष्टमुडी सरोवर जिथे समुद्राला मिळतं त्या मुखाच्या दक्षिणेला शक्तिकुलंगरा, उत्तरेला नींडकरा, मधे पूल. पुलावरून जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलपासून कोकणाचे खड्डे खात जो खाली उतरतो तोच. कोल्लम स्टेशनवरून रिक्षाने आठ-दहा किलोमीटर. भाडं आधी ठरवा, आणि नुसतं ‘हार्बर’ म्हणू नका, शक्तिकुलंगरा हार्बर म्हणा, नाहीतर पलीकडच्या काठावर नेऊन सोडतील.

धक्क्यावर पहाटेपासून माल उतरतो, पण खोल पाण्यातल्या बोटी पहाटेच येतील असं नाही. त्या कित्येक दिवस बाहेर असतात, परतण्याची वेळ मासळीवर आणि बर्फावर ठरते. त्यामुळे एकाच सकाळच्या भरवशावर जाऊ नका, निदान दोन-तीन सकाळी हाताशी ठेवा. खोल पाण्याची बोट ओळखायची तर तिचा विंच बघा. तीनशे मीटरवर जाळं ओढायला खोलीच्या अडीच-तीनपट वायर सोडावी लागते, म्हणजे जवळजवळ किलोमीटरभर. तेवढी पोलादी वायर गुंडाळलेलं रीळ लपत नाही.

लिलावाच्या शेडमध्ये नजर थेट शेवंडीवर जाते, ते साहजिक आहे. फिकट नारिंगी-गुलाबी, साधारण पंधरा सेंटिमीटरांची, पाठीवर दातेरी कंगोरे, आणि अंगाच्या मानाने चाबकासारख्या लांब मिशा. नांग्या नाहीत, आपल्या शेवंडीच्याच कुळातली. मुंबईची शेवंड बघितलेल्याला ही पोरगेली वाटते. पण माझा सल्ला असा की शेवंड सोडा आणि आधी तिच्या बाजूचे ढीग बघा. कारण प्रत्येक ढीग खोली सांगतो. उतारावर जिवांची वाटणी किनाऱ्याच्या लांबीने कमी आणि खोलीने जास्त झालेली आहे. प्लेसिओनिका नावाची लालसर बारीक कोळंबी आणि मोठ्या हिरव्या डोळ्यांचा क्लोरोप्थॅल्मस मासा दिसला की समजायचं, जाळं दोनशे-तीनशे मीटरवर पडलं होतं. सेवेली शेवंड याच पट्ट्यात जास्त. आपल्या मापात शंभर ते दीडशे वाव. गडद लाल ॲरिस्टिअस कोळंबी, जिला व्यापारी रेड रिंग म्हणतात, तिचे क्रेट असतील तर बोट आणखी खाली गेली होती, साडेतीनशे-चारशेच्या पुढे. त्या ढिगात सेवेली कमी होत जाते आणि दुसरीच एक दिसू लागते.

ही दुसरी म्हणजे नेफ्रॉप्सिस स्टुअर्टी. हिला नांग्या आहेत, केसाळ आहेत, आणि डोळे जवळजवळ उरलेलेच नाहीत. प्राणिशास्त्रज्ञ वुड-मेसन यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंदमानच्या रॉस बेटाजवळच्या खोल पाण्यातून ती वर काढली. ते बेट आज नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. बंगालचा उपसागर, अंदमान, केरळचा उतार, सगळीकडे ती आहे, पण सेवेलीच्या खालच्या मजल्यावर. हिचा धंदा कुणी करत नाही. जाळ्यात आली तर आली. ढिगात हात घालून शोधण्याआधी विचारा. मी एका बायकांच्या घोळक्याला विचारलं, त्यांनी वर्गवारी करता करता दोन काढून बाजूला ठेवल्या आणि माझ्या उत्साहावर मनसोक्त हसल्या. हाक मारताना बायकांना ‘चेच्ची’ (ताई) आणि पुरुषांना ‘चेट्टा’ (दादा) म्हटलं की काम सोपं होतं. बोटींवर कन्याकुमारी जिल्ह्यातले तमिळ खलाशी बरेच, हल्ली बंगालकडचेही, त्यामुळे मोडक्या हिंदीवर निभावतं.

एका स्रांकशी, म्हणजे तिथल्या तांडेलाशी, बराच वेळ बोलणं झालं. शेवंड कुठे मिळते विचारल्यावर त्याने गावांची नावं सांगितली नाहीत. जीपीएसवर साठवलेल्या खुणा दाखवल्या. सगळ्या मिळून किनाऱ्याला समांतर एक बारीक फीत दिसत होती. पूर्वेला सरकलात तर साधी मासळी, पश्चिमेला सरकलात तर लाल कोळंबी. जातीच्या प्रसाराचा नकाशा पुस्तकात रंगवलेला असतो तेव्हा सोमालिया, एडनचं आखात, पाकिस्तान, भारत, श्रीलंका असा सगळा किनारा एका रंगात भरलेला असतो. प्रत्यक्षात ती इतकी अरुंद पट्टी आहे, आणि त्या पट्टीतही तुकडे तुकडे.

मग महाराष्ट्रासमोरच्या उतारावर ही का गाजत नाही? अंतर हे एक कारण वर आलंच. दुसरं नेहमी सांगितलं जातं ते प्राणवायूचं. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांच्या खालीपर्यंत प्राणवायू फार कमी असलेला थर आहे. उत्तरेला आणि मध्यभागी तो तीव्र, दक्षिणेला सौम्य. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर कित्येक दशकं काम केलंय. पावसाळ्यात हेच पाणी केरळच्या किनाऱ्याकडे वर सरकतं आणि तळाची मासळी जागा बदलते, हे समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्से यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं. पण सगळं ओझं प्राणवायूवर टाकणं मला पटत नाही. तसं असतं तर पाकिस्तानसमोर सेवेली दिसायला नको होती. तळ चिखलाचा की वाळूचा, उतार किती उभा, आणि मुळात कुणी जाळं ओढून पाहिलं का, हेही मोजायला हवं. जिथे बोटी जातात तिथेच नकाशावर ठिपके पडतात.

ढिगात पोटाखाली अंडी धरलेल्या माद्या होत्या. त्या बघून मला मुंबईची वाळूतली चपटी शेवंड आठवली. तिची मासेमारी १९९४ पर्यंत कोसळली ती कोसळलीच. निर्यातीसाठी शेवंडीच्या किमान वजनाचा नियम २००३ साली आला, तो चार जातींना लागू आहे आणि चारही उथळ पाण्यातल्या. सेवेली त्यात नाही. कोल्लमच्या लोकांना सध्या काळजी मात्र वेगळीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या खाणपट्ट्यांचे लिलाव पुकारले, त्यात बांधकामाच्या वाळूचे कोल्लमसमोरचे पट्टेही आहेत. ते पन्नास-साठ मीटर खोलीवरचे, म्हणजे शेवंडीच्या बरेच वर, पण धक्क्यावर कुणाशीही पाच मिनिटं बोला, विषय तिकडे वळतोच.

आता जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते मार्च बरा. जून-जुलैत अजिबात जाऊ नका: केरळची ट्रॉलिंगबंदी ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवसांची असते, आणि बारा सागरी मैलांपलीकडे केंद्राची बंदी १ जूनलाच लागते. त्या काळात नींडकरा पुलाच्या गाळ्यांना साखळ्या बांधतात. बघायला गंमत आहे, पण मासळी नाही. बोटीवर घेऊन चला असा आग्रह धरू नका. खलाशांची ओळखपत्रं तपासली जातात आणि फेरी कित्येक दिवसांची असते. पायात घोट्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच. शेडमध्ये बर्फाचं पाणी आणि काटे दोन्ही असतात. फोटो काढण्याआधी विचारा, लिलाव चालू असताना दलालाच्या पुढे उभे राहू नका. मोजपट्टी आणि साधी वही न्या, मोबाइलचा पडदा ओल्या हाताने चालत नाही.

खायची आशा ठेवून जाणार असाल तर थोडी कमी ठेवा. बहुतेक माल मुंडकी काढून, शेपट्या वेगळ्या करून प्रक्रिया कारखान्यांकडे जातो. मुंडकं राहिलं की मांस लवकर काळं पडतं. गावातल्या खाणावळीत ताटात येते ती कोळंबी किंवा मत्ती, म्हणजे तारली. मला शेपट्या मिळाल्या त्या ओळखीने: मांस गोडसर, मऊ, आपल्या शेवंडीइतकं घट्ट नाही. कालवणापेक्षा नुसत्या मीठ-मिरीवर बरी लागली.

परतीला एक दिवस एर्नाकुलमला उतरा. कोल्लमहून रेल्वेने तीनेक तास. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या संग्रहालयात सेवेली आणि स्टुअर्टीसारख्या जातींचे नमुने जपलेले असतात, पण आधी पत्र किंवा ईमेल करून वेळ घ्या. ३ फेब्रुवारी हा संस्थेचा स्थापना दिवस. त्या सुमाराला सर्वसामान्यांना संस्था बघता येते, तारीख तेवढी त्यांच्याकडून पक्की करून घ्या. नेत्रावतीचं परतीचं तिकीट जातानाच काढा, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जात असाल तर कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं हे लक्षात ठेवा.