आवाज संगणकातच फाटत होता

तालमीच्या हॉलमधून तक्रार आली होती: पार्श्वसंगीतातला तबला फाटतोय, स्पीकर बदलावे लागतील का? संगणकाला हात न लावता मी आधी अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब अगदी खाली आणला. आवाज बारीक झाला, फाटणं तसंच राहिलं. मग हेडफोन थेट संगणकाच्या लाइन-आउटला लावले. तिथंही तीच खरखर. स्पीकर निर्दोष होते.

संगणकावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), आयथ्री (खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) आणि पाइपवायर (आवाज हाताळणारी यंत्रणा). पाइपवायरचा आवाज आज्ञा देऊन बघायच्या-बदलायच्या डब्ल्यूपीसीटीएल (wpctl) या साधनाला चालू व्हॉल्यूम विचारला, तर उत्तर आलं १.५०, म्हणजे १५० टक्के. हा आकडा दिसतो त्याहून घातक आहे. व्हॉल्यूमचं माप घनाच्या हिशेबानं चालतं: १.५ चा घन ३.३७५, म्हणजे साधारण साडेदहा डेसिबल वाढ. आजकालची गाणी मुळातच कमाल पातळीला टेकलेली असतात. पाइपवायर आतली बेरीज दशांशात करतो, तिथं काही बिघडत नाही. पण साउंड कार्डाला पूर्णांक देताना कमाल मर्यादेवरचं सगळं सपाट कापलं जातं. तबल्याची थाप म्हणजे क्षणिक उंच टोक, म्हणून पहिला बळी तिचा.

वाढ होत होती कीबोर्डवरून. आयथ्रीच्या मूळ कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) आवाजाची कळ पॅक्टल (pactl) या आवाज बदलणाऱ्या दुसऱ्या आज्ञेला जोडलेली असते. दर दाबाला १० टक्के वाढ आणि वर अडवणारं कुणी नाही. ती ओळ काढून डब्ल्यूपीसीटीएलची सेट-व्हॉल्यूम आज्ञा घातली, पाच टक्क्यांची पायरी आणि 'एल' (-l) पर्यायानं १.० ची मर्यादा. ही मर्यादा फक्त त्या कळेपुरती असते. पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या खिडकीतली पट्टी अजूनही १०० च्या पुढं सरकते, हे तिथल्या ऑपरेटरना मुद्दाम दाखवून ठेवलं.

१०० टक्क्यांवरही दोन आवाज एकत्र वाजले की बेरीज कमाल पातळी ओलांडू शकते. इथं संगीतावर निवेदन चालायचं. म्हणून ईझीइफेक्ट्स या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आउटपुटला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा) लावला, उंबरठा उणे १ डेसिबल. लिमिटर साखळीत शेवटीच हवा. त्याच्यानंतर इक्वलायझरनं बास उचलला तर सगळं मुसळ केरात.

मोठा आवाज हवा तर आता अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब. एक फाइल मात्र तरीही फाटत राहिली. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात उघडली तर लहरींचे माथे आधीच सपाट होते. ती पुन्हा रेकॉर्ड करायला सांगितली.