रेझिन गेलं कुठं?

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, टपाची कामं मी बरीच केलीत, पण या गाडीने जो दिवस दाखवला तसा आधी बघितला नव्हता, म्हणून लिहून ठेवतोय.

गाडी वीसेक वर्षं जुनी. मालकांनी फोनवर सांगितलं, मागच्या बाजूला जरासा फुगवटा आलाय, वेग घेतला की वरून फडफड आवाज येतो, एका दिवसात चिकटवून द्या. वर चढलो तर ते 'जरासा' म्हणजे दीड मीटर लांब आणि जवळपास मीटरभर रुंद. हाताने दाबलं की खाली बसतो, हात काढला की परत वर. आणि त्यावर आधीच्या कुणी कारागिराने बावीस स्क्रू मारून ठेवलेले, मोठाले वायसर लावून, प्रत्येकावर सिलिकॉनचा गोळा. म्हणजे एक गळती बंद करायला बावीस नवीन भोकं! आणि ते सिलिकॉन, ते निघता निघत नाही, ॲसिटोनने पुसलं तरी वाळलेलं सिलिकॉन काही विरघळत नाही, आणि त्याचा अंश जरी राहिला तरी त्यावर दुसरं काहीच धरत नाही. पूर्ण दिवस नुसता खरवडण्यात गेला माझा.

हा टप म्हणजे थरांचा प्रकार असतो. वर फायबरचा पातळ पापुद्रा, त्याखाली तीन ते पाच मिलिमीटरचा प्लाय, मग थर्माकोल आणि चौकट, आणि सगळ्यात खाली आतलं छत. पाणी शिरलं की प्लाय भिजतो, गोंद सुटतो, मग उन्हाने आतली हवा फुगते आणि गाडी पळताना वरून जाणारा वारा पापुद्रा वर ओढतो. रोज थोडं थोडं करत सुटत जातं. फायबर बिचारं धडधाकट असतं, सडतो तो खालचा प्लाय.

मी नाण्याने ठोकत ठोकत पेन्सिलने हद्द आखतो. चिकटलेलं असेल तिथे टक टक, सुटलं असेल तिथे बद्द आवाज. आखून झाल्यावर लांब उभं राहून बघितलं तर फुगवट्याला एक शेपूट निघालेलं, चार बोटं रुंद, सरळ पुढे गेलेलं, पार टपावरच्या सामानाच्या कॅरियरच्या पायापर्यंत. तिथला स्क्रू बोटाने फिरला. काढला तर भोकातून काळा ओला भुसा बाहेर आला, तो एकेकाळी प्लाय होता. म्हणजे पाणी शिरत होतं पुढून आणि फुगत होतं मागे, आणि आधीच्या माणसाने सगळा जोर मागेच लावला. ओलावा मोजायचं मीटर चांगल्या जागी ११-१२ टक्के दाखवत होतं, शेपटाच्या बाजूला तिशीच्या पुढे.

मालकांना म्हटलं, काका, आज चिकटवलं तर ओल आतच कोंडली जाईल, वर्षभरात परत माझ्याकडे याल. ते म्हणाले, अहो पण आमचा प्रवास ठरलाय. मी म्हटलं मग टप तसाच घेऊन जा, पण मी ओल्यावर चिकटवणार नाही. जरा रागावले, पण गाडी ठेवून गेले.

मग चार मिलिमीटरची भोकं, दर १० सेंटिमीटरला एक, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून म्हणजे फक्त वरचा पापुद्राच भेदला जाईल. त्या भोकांतून व्हॅक्यूम पंपाने ओली हवा ओढत नऊ दिवस वाळवलं. कॅरियरच्या पायापाशी सडलेला तुकडा मात्र कापूनच काढला आणि नवीन प्लाय बसवला. सगळं इपॉक्सीनेच, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होऊन चिकटणाऱ्या रेझिनने, कारण पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला खाऊन टाकतं, वरून सगळं छान दिसतं आणि आत खड्डा पडलेला असतो.

आता तो दिवस.

त्याच भोकांतून रेझिन भरून पापुद्रा परत चिकटवायचा होता. सकाळी सहालाच सुरू केलं, ऊन चढलं की रेझिन लवकर घट्ट होतं म्हणून. स्लो हार्डनर, ६० मिलीची सिरिंज. एका भोकात दाबायचं, शेजारच्या भोकातून रेझिन डोकावलं की त्याला टेप लावायचा, पुढे सरकायचं. तीन रांगा इतक्या मस्त झाल्या की मी गुणगुणायला लागलो होतो. चौथ्या रांगेत एका भोकाने ६० मिली घेतले, मग अजून ६०, मग अजून, आणि शेजारून काहीच डोकावेना. मला वाटलं वा, चांगलं पसरतंय! पाचवी सिरिंज भरत होतो तेवढ्यात गाडीच्या आतून माझा मदतीचा पोरगा ओरडला, "दादा, दिव्यातून काहीतरी गळतंय!"

खाली धावलो. छतातल्या दिव्याच्या कडेने मधासारखी धार, थेट गादीवर, आणि गादीवर प्लॅस्टिक घालायचं मी विसरलेलो. चौथ्या रांगेखालून वायरची पन्हळ गेलेली होती आणि रेझिन तिच्यातून आरामात प्रवास करत होतं. आधी करंट बंद केला, दिवा उतरवला, भोकात चिंध्या कोंबल्या. वर आलो तर मग्गा धूर सोडत होता! उरलेलं तीनशे मिली रेझिन मी त्यातच विसरलो होतो, आणि इपॉक्सी जाड साठ्यात ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने भडकतं. मग्गा चिमट्याने धरून बाहेर मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. आणि इकडे तीन रांगांतलं रेझिन घट्ट व्हायच्या आत वजन ठेवायचं होतं. पॉलिथीन अंथर, फळ्या टाक, आतून टेकू लाव, वाळूच्या पिशव्या चढव, अर्ध्या तासात आम्ही दोघं घामाने निथळलो. वजनही बेतानेच ठेवावं लागतं, फार दाबलं तर रेझिन सगळं बाहेर पिळून निघतं आणि चिकटायला काही उरतच नाही.

दुपारी रेझिनमध्ये सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट केलं आणि पन्हळीच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून भरून बांध घातला. चौथी रांग मग दुसऱ्या दिवशी. वायर तपासल्या, दिवा लागला, नशीब. गादीचं कव्हर मात्र माझ्या खिशातून गेलं.

कॅरियर परत बसवायचा का विचारलं तर काका म्हणाले, नकोच ते. बाकी भोकं बुजवली, वर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत शेवटचा थर, झाला. ठोकून बघितलं, सगळीकडे टक टक, फक्त चौथ्या रांगेत तळहाताएवढी एक जागा अजून बद्द बोलते. परत भोक पाडून भरायचा प्रयत्न केला, आत रेझिन जातच नाही, बहुतेक माझाच बांध आडवा आलाय. लपवलं नाही, काकांना वर चढवून दाखवलं, भोवती गोल आखून तारीख टाकली. सहा महिन्यांनी गाडी घेऊन या म्हटलंय, गोलाच्या बाहेर आवाज गेलाय का ते ठोकून बघू.