पोटावरच्या रेषा

सातव्या महिन्यात पोट खाजायला लागलं की घरातली एखादी आत्या हमखास सांगते, ‘बाळाला जावळ येतंय गं, म्हणून खाज.’ हे फार जुनं आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सातव्या महिन्याच्या वर्णनात ते ‘बायका असं म्हणतात’ म्हणून आलंय आणि त्या ग्रंथातले गुरू आत्रेय यांनी तिथल्या तिथे खोडूनही काढलंय. आत्यांनी ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

आत्याची दुसरी ताकीद, ‘खाजवू नकोस, वळ उठतील.’ खाजवल्यानं वरचं कातडं ओरखडतं हे खरं, पण या रेषा, म्हणजे स्ट्रेच मार्क्स, पडतात त्याखालच्या थरात. तिथले कोलॅजेन-इलॅस्टिनचे तंतू भराभर ताणले गेले की उसवतात. म्हणून तर एका वर्षात उंच झालेल्या मुलाच्या कमरेवर आडव्या रेषा दिसतात आणि जिममध्ये दंड फुगवणाऱ्याच्या काखेजवळही. आईच्या पोटावर असतील तर लेकीच्याही पोटावर येण्याची शक्यता जास्त.

मग तेल लावावं का? जरूर लावावं, खाज आणि कोरडेपणा यांच्यासाठी. ऑलिव्ह तेल आणि कोको बटर यांच्या चाचण्या झाल्या, रेषा रोखण्यात त्यांचा फायदा दिसला नाही. तेव्हा महागडी बाटली राहू द्या, घरातलं खोबरेल पुरे. आंघोळ कढत पाण्यानं नको. पंचानं अंग खसाखसा न पुसता टिपायचं आणि ते दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत तेल लावायचं. तेल ओलावा आत कोंडतं, आणत नाही. मात्र गरोदरपणात पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर तेलाच्या नादी न लागता डॉक्टर गाठावा. ते यकृताचं दुखणं असू शकतं, रक्त तपासावं लागतं.

रेषा लालसर-जांभळट असतात तोवर थोडी दाद देतात. ट्रेटिनॉइनचं मलम तेव्हाच उपयोगाचं, पण गरोदरपणात अजिबात नाही आणि अंगावर पाजत असताना विचारल्याशिवाय नाही. एकदा पांढऱ्या पडल्या की लेझरनं फार तर फिकट होतात. सावळ्या कातडीवर त्याचेच काळे डाग राहण्याची भीती असते, ते वेगळं.

एका बाबतीत मात्र रेषा आपण विकत घेतो. जांघेतल्या गजकर्णावर मेडिकलवाल्याकडून आणलेली ट्यूब. तीत क्लोबेटॅसॉल किंवा बीटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत बसते, माणूस खूश होऊन ती महिनोन् महिने लावतो. गजकर्ण आतून पसरतच राहतं, स्टेरॉइडनं कातडी विरते आणि मांडीवर बोटभर रुंद रेषा कायमच्या उमटतात. ट्यूबवरची नावं वाचायला अर्धं मिनिट लागतं.

वय झालं की हेच तंतू सैलावतात, पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तर झपाट्यानं. त्यात ऊन भर घालतं, खिडकीच्या काचेतूनसुद्धा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन लागतं. आपण लावतो टिकलीएवढं आणि मग म्हणतो, काही फरक नाही. सुरकुत्यांवरच्या रेटिनॉल क्रीमचं उलटं, ते खरंच मटारच्या दाण्याएवढं पुरतं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. रोज थापलं तर सालपटं निघतात आणि डबी कपाटात जाते. बेसन-साय चालेल, पण त्यात लिंबू पिळू नका. लिंबू लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की काळे चट्टे उठतात, महिनोन् महिने जात नाहीत.